करिंथचा बाजार आणि आमचे मार्केट यार्ड

नोव्हेंबर २०१८ मधील एका रविवारची गोष्ट. मराठी मिस्सा आटोपली होती आणि चर्चच्या आवारात माणसे नेहमीप्रमाणे घोळक्याघोळक्याने बोलत उभी होती. आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांनी मला बाजूला घेतले. मूळचे राहुरीकडचे, पण गेली तीस वर्षे मार्केट यार्डातील गूळ-भुसार विभागात हमाली करणारे. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाले, "सर, एवढं वाचा अन् सांगा, खरं आहे का हे?"

त्या वेळी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम सुरू होत होती. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलामुलींना लस टोचायची होती. त्यांची धाकटी मुलगी चौथीत होती व शाळेतून चिठ्ठी आली होती. मोबाइलवरच्या मजकुरात असे म्हटले होते की, ही लस गर्भपात केलेल्या बालकांपासून तयार करतात, तेव्हा कॅथलिकांनी ती घेऊ नये. मी तो मजकूर वरवर चाळला आणि शिक्षकी थाटात निकाल देऊन टाकला, "साफ खोटे आहे. असल्या अफवा पसरवणारे लोक कमी नाहीत. मुलीला खुशाल लस द्या."

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," असे म्हणून ते निघून गेले. मुलीला लस टोचली गेली.

पुढे काही महिन्यांनी, अन्य काही वाचत असताना, माझ्या लक्षात आले की त्या दिवशी मी जे सांगितले ते खरे नव्हते. तो मजकूर भडक होता, अर्धवट होता, भीती घालणारा होता. परंतु तो निराधार नव्हता. मी जाणूनबुजून असत्य बोललो नव्हतो, हे खरे. तथापि ज्याची मला माहिती नव्हती ते मी ठामपणे सांगितले होते, आणि एका बापाने आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न माझ्या हाती विश्वासाने दिला असताना सांगितले होते. हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जिवाणू साध्या रसातही वाढतो, विषाणूला मात्र वाढण्यासाठी जिवंत पेशी लागते. म्हणून विषाणूपासून लस करावयाची तर त्याला कोणत्या ना कोणत्या पेशींचे घर द्यावे लागते. कोंबडीच्या अंड्यातील गर्भ, माकडाचे मूत्रपिंड, सशाचे मूत्रपिंड अशी अनेक घरे शास्त्रज्ञांनी वापरून पाहिली. १९६२ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत लिओनार्ड हेफ्लिक यांनी स्वीडनमध्ये गर्भपात झालेल्या एका स्त्री-गर्भाच्या फुप्फुसातून पेशी घेऊन त्या वाढवल्या. डब्ल्यूआय-३८ हे त्या पेशीवंशाचे नाव. त्या मातेला कोणी विचारलेही नव्हते, तिला ही गोष्ट पुढे फार उशिरा कळली. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये चौदा आठवड्यांच्या एका पुरुष-गर्भाच्या फुप्फुसातून एमआरसी-५ हा दुसरा वंश तयार झाला. रुबेलाचा जो विषाणू आज जगभर लसीसाठी वापरतात, तो स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी विस्टार संस्थेतच मिळवला. तोही रुबेलाची लागण झालेल्या मातेच्या, गर्भपात केलेल्या गर्भातून. आपल्या हडपसरच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये गोवर-रुबेलाची लस तयार होते, तिच्यातील रुबेलाचा विषाणू हाच आहे व तो मानवी पेशींवरच वाढवला जातो.

हे दोन गर्भ लसीसाठी मारले गेले नव्हते. गर्भपाताचा निर्णय अन्य कारणांनी झाला होता, शास्त्रज्ञ मागाहून आले. त्या पेशींपासूनच पुढच्या पेशी वाढत गेल्याने दर वर्षी नवे गर्भ लागतात असेही नाही. तयार लस शुद्ध करून घेतलेली असते, तिच्यात त्या बालकाचे शरीर नसते. मोबाइलवरच्या मजकुरात यातले काहीच नव्हते. माझ्या उत्तरातही नव्हते.

आता दुसरी बाजू. रुबेला हा आजार मुलांना होतो तेव्हा थोडा ताप आणि अंगावर पुरळ, एवढेच. मात्र गर्भवती स्त्रीला पहिल्या तीन महिन्यांत तो झाला, तर पोटातील बाळाला गंभीर धोका असतो. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांच्याकडे मोतीबिंदू घेऊनच जन्मलेली बालके एकामागून एक येऊ लागली. चौकशी करता त्यांच्या मातांना गरोदरपणात हा 'किरकोळ' आजार होऊन गेल्याचे दिसले. आंधळेपण, बहिरेपण, हृदयातील दोष, कधी पोटातच मृत्यू, असे त्याचे स्वरूप आहे. चौथीतल्या मुलीला लस देतात ती पुढे तिच्या पोटी येणाऱ्या बाळासाठी. मुलग्याला देतात ती शेजारच्या वहिनीच्या बाळासाठी. लस दुबळा केलेला विषाणू शरीराला दाखवते आणि आपल्या प्रतिकारयंत्रणेतील काही पेशी त्याची ओळख वर्षानुवर्षे स्मरणात ठेवतात. यार्डाच्या फाटकावरचा जुना मुकादम एकदा पाहिलेला चेहरा विसरत नाही, तसेच हे.

म्हणजे न जन्मलेल्या बालकांचे रक्षण करणारी लस न जन्मलेल्याच बालकांच्या पेशींवर वाढलेली आहे. असा हा पेच आहे.

येथे एक सोपी पळवाट दिसते. दोन बालके गेली, लक्षावधी वाचली, हिशेब फायद्याचा आहे. हा हिशेब आपणांस मान्य करता येत नाही. सर्व लोकांसाठी एकाने मरावे हे सोयीचे आहे, असे गणित मांडणारा कयफा होता आणि त्या गणितात कोण मेले हे आपण प्रत्येक मिस्साबलीत स्मरतो. ज्याला कोणी विचारले नाही, ज्याचे नाव कोणी ठेवले नाही, त्या एकाला आकड्यांच्या बेरजेत विरघळवून टाकणे हे आपले काम नव्हे. मग लस नाकारावी काय?

याचे उत्तर शोधताना मला पुन्हापुन्हा करिंथच्या बाजाराची आठवण झाली. त्या नगरात मूर्तींना अर्पण केलेल्या बळींचे मांस बाजारात विक्रीस येई. विकत घेणाऱ्या ख्रिस्ती माणसाला ते कुठून आले हे कळण्यास मार्ग नसे. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात दिलेला सल्ला आपणांस ठाऊक आहे. बाजारात जे मिळते ते खा, विवेकासाठी खोदून विचारत बसू नका, कारण पृथ्वी परमेश्वराची आहे. पण पौल तेथे थांबत नाही. जेवताना कोणी सांगितले की हे मूर्तीला वाहिलेले आहे, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका, असेही तो लगेच म्हणतो. मांस तेच, बाजार तोच. फरक पडतो तो कळण्याने, आणि पाहणाऱ्या दुसऱ्या माणसामुळे. माझ्या त्या राहुरीकडच्या मित्राला कोणीतरी 'सांगितले' होते. पौलाच्या दुसऱ्या वाक्यात तो उभा होता आणि मी त्याला पहिल्या वाक्यात परत ढकलले होते.

मार्केट यार्डात पहाटे गेलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट दिसते. कांद्याची गोणी शेतकऱ्याच्या खळ्यातून निघून टेम्पोवाला, आडत्या, तोलणार, हमाल, किरकोळ विक्रेता अशा किती हातांतून आपल्या स्वयंपाकघरात येते! समजा, ती गोणी मुळात चोरीची होती. ज्याने चोरी करविली तो दोषी. चोरीचा माल आहे हे जाणून स्वस्तात पडतो म्हणून घेणारा आडत्याही दोषी. पण पाठीवर गोणी घेऊन गाळ्यापर्यंत नेणारा हमाल? आणि त्या कांद्याची भाजी करणारी माउली? आपल्या नीतिशास्त्राने या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केलेला आहे. मालक दुष्कृत्यासाठी खिडकीतून चढत असताना शिडी धरणाऱ्या, खांदा देणाऱ्या नोकराचे उदाहरण जुन्या ग्रंथांतून येते आणि संत अल्फोन्सस लिगोरी यांनी अठराव्या शतकात त्यावर सविस्तर लिहिले. जो मनाने दुष्कृत्यात सामील होतो, त्याचा सहभाग कधीच क्षम्य नाही. ज्याचे मन सामील नाही, केवळ हात लागतो, त्याच्या बाबतीत हात किती जवळून लागला, त्याच्यावाचून ते घडले असते काय, आणि हात काढून घेण्याने कोणाची किती हानी होईल, हे पाहावे लागते. हमालाला ही विभागणी समजावून सांगावी लागत नाही. शंभर किलोची पोती पाठीवर वाहिलेल्या माणसाला ओझे कोणाचे आणि पाठ कोणाची हे चांगले कळते. डॉ. बाबा आढाव यांची हमाल पंचायत तरी दुसरे काय विचारीत आली?

ख्रिस्तसभेने लसीच्या प्रश्नाला जे उत्तर दिले ते याच पद्धतीने दिले. २००३ मध्ये अमेरिकेतील एका महिलेने कार्डिनल रात्झिंगर यांना पत्र लिहून विचारणा केली. २००५ मध्ये व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीकडून उत्तर आले. लस घेणाऱ्या पालकांचा त्या मूळ दुष्कृत्याशी असलेला संबंध फार दूरचा आहे. दुसरी निर्दोष लस उपलब्ध नसेल आणि मुलांच्या अथवा गर्भवती स्त्रियांच्या जिवाला धोका असेल, तर ही लस घेता येते. मात्र दुसरी लस मागत राहण्याचे कर्तव्य सुटत नाही. जपानमध्ये रुबेलाची लस सशाच्या पेशींवर तयार झालेली होती, म्हणजे दुसरा मार्ग अशक्य नव्हता हेही त्यात नमूद होते. 'दिग्नितास पेर्सोनी' या २००८ च्या दस्तऐवजाने तीच भूमिका पुढे नेली.

मग २०२० साल उजाडले. यार्ड काही आठवडे बंद राहिले, हमालांच्या चुली थंडावल्या. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात करोनाचे लसीकरण सुरू झाले. सर्वांत अधिक लोकांना मिळाली ती कोविशिल्ड, पुन्हा आपल्या पुण्याचीच. तिचा वाहक विषाणू एचईके-२९३ या पेशींत वाढवलेला. हॉलंडमधील लायडन येथे १९७३ च्या सुमारास एका गर्भाच्या मूत्रपिंडापासून तो वंश तयार झाला. तो गर्भ कसा गेला याची नोंद पुरती नाही, गर्भपातातूनच असावा असे धरून चालतात. दुसरी लस, कोव्हॅक्सिन, आफ्रिकी माकडाच्या पेशींवर तयार झालेली होती आणि तिच्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा वाटा होता. परंतु केंद्रावर जी येईल ती घ्यायची, अशीच बहुतेकांची स्थिती होती. श्रद्धासिद्धांत मंडळाने २१ डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध केलेल्या टिपणात निर्दोष लस उपलब्ध नसेल तेथे अशी लस घेणे नैतिकदृष्ट्या ग्राह्य असल्याचे सांगितले. लस सक्तीची नसावी, पण जो नाकारतो त्याने इतरांना आपल्यापासून लागण होणार नाही याची काळजी घेतलीच पाहिजे, असे बजावले. गरीब देशांना लस पोचवणे हीदेखील नैतिक जबाबदारी असल्याचे त्यात होते. आपल्याकडील चर्चांमध्ये हा शेवटचा मुद्दा फारसा कोणी वाचला नाही, याचे मला वैषम्य वाटते.

हे सर्व मला पटते. मीही कोविशिल्डच घेतली. तरी दोन गोष्टी मनात सलत राहतात.

एक म्हणजे 'फार पूर्वी झाले, आता संपले' हा युक्तिवाद. तो जितका वाटतो तितका भक्कम नाही. साध्या मानवी पेशी सुमारे पन्नास वेळा विभागतात आणि मग थांबतात. हा शोध त्याच हेफ्लिक यांचा. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या कुप्या पुष्कळ असल्या तरी डब्ल्यूआय-३८ काय किंवा एमआरसी-५ काय, अक्षय नाहीत. २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी वालव्हॅक्स-२ हा गर्भपात केलेल्या गर्भापासूनच तयार केलेला नवा पेशीवंश जाहीर केला. मागणी असली की माल येतो, हे यार्डात कोणाला शिकवावे लागत नाही. आपण निमूटपणे घेत राहिलो, तर गोणी कुठून आली हे न विचारण्याची सवय लागते आणि पुढची गोणी आपल्या त्या सवयीच्या भरवशावर निघते. म्हणूनच 'मागत राहा' हे कर्तव्य शोभेचे नाही. पण खरे सांगावयाचे तर आपल्यापैकी किती जणांनी कोणत्या लस-उत्पादकाला एक पोस्टकार्ड तरी लिहिले? मी लिहिलेले नाही.

दुसरी गोष्ट विचारण्याची. आमच्या गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. मूलपेशी, प्रतिकारपेशी, कर्करोग यांवर तेथे संशोधन चालते आणि देशभरच्या प्रयोगशाळांना तेथून पेशीवंश पुरवले जातात. त्यांत हेला नावाच्या पेशी आहेत. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या रुग्णालयात कर्करोगाने मरण पावलेल्या हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या त्या पेशी. त्यांत गर्भपाताचा प्रश्न नाही. पण तिलाही कोणी विचारले नव्हते, आणि तिच्या घरच्यांना वीसेक वर्षे पत्ताही नव्हता. तिला निदान नाव तरी परत मिळाले, आज जगभर लोक ते आदराने घेतात. स्वीडनच्या त्या मुलीला आणि इंग्लंडच्या त्या मुलग्याला नाव नव्हतेच. गरिबांचे शरीर आणि न जन्मलेल्याचे शरीर, दोन्ही विचारल्यावाचून घेता येतात असे मानणारे मन एकच असते, असे मला वाटते.

अखेर २०२१ च्या उन्हाळ्यात, स्वतःची लस घेऊन आल्यावर, मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचे घर, भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर, खुंटीला पोती ओढायचा आकडा. मी त्यांना सगळे सांगितले. २०१८ मध्ये मी सांगितले ते चुकीचे होते, मजकुरात थोडे खरे होते, ते असे असे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, चिडतील. त्यांचा तो हक्क होता.

मग म्हणाले, "सर, तेव्हा तुम्ही खरं सांगितलं असतं, तरी मी पोरीला लस दिलीच असती. पोटची पोर आहे. पण मग मी त्या लेकरांसाठी एक मेणबत्ती लावली असती. तीन वर्षं राहून गेली ना."

मला यावर काही सुचले नाही. ख्रिस्तसभेच्या दस्तऐवजांत जे मतभेद नोंदवण्याचे कर्तव्य म्हणून येते, ते या माणसाला एका मेणबत्तीत कळले होते. शिवाय माझ्या असत्याने त्यांचे काय हिरावून घेतले होते हेही त्यांनी न दुखावता सांगितले. मी त्यांना चुकीच्या कृतीपासून वाचवले नव्हते. एका योग्य कृतीसोबत जो शोक असायला हवा होता, तो मी चोरला होता.

त्या वर्षीपासून २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, ते आपल्या आईवडिलांच्या मेणबत्त्यांशेजारी दोन अधिक लावतात.

मुलगी आता अकरावीला आहे, विज्ञान शाखेत. तिला पेशीविज्ञान शिकायचे आहे. मागच्या महिन्यात ती माझ्याकडे पुस्तके मागायला आली होती. मी तिला शिन्या यामानाका यांची कथा सांगितली. १९९८ मध्ये अमेरिकेत मानवी भ्रूणापासून मूलपेशी मिळवल्या गेल्या. त्यासाठी भ्रूण नष्ट करावा लागे. यामानाका यांनी एका मित्राच्या वंध्यत्व-उपचार केंद्रात सूक्ष्मदर्शकाखाली भ्रूण पाहिला आणि हा व आपल्या मुली यांत फारसे अंतर नाही असे त्यांना वाटले. २००६ मध्ये त्यांनी उंदराच्या, आणि २००७ मध्ये मोठ्या माणसाच्या त्वचेतील साध्या पेशींनाच मूलपेशींचे रूप देऊन दाखवले. २०१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना जॉन गर्डन यांच्यासह मिळाले. मी ही कथा जरा रंगवूनच सांगितली असावी. एका बापाच्या अंतःकरणातून विज्ञानाला नवी वाट कशी फुटली, वगैरे.

पोरगी हुशार आहे. तिने ती कथा आधीच वाचलेली होती. म्हणाली, "पण सर, त्यांनी त्या पेशींत जनुकं पोचवायला विषाणू वापरले ना? ते कशात वाढवले होते?"

ते लायडनच्या पेशींच्याच वंशात वाढवलेले होते. एचईके-२९३ च्या वारसांत. या खेपेला मी तिला तसे सांगितले.

ती थोडा वेळ पुस्तकाची पाने उलटत राहिली. लस घेणाऱ्याला जी सवलत आहे ती संशोधकाला नाही, हे तिला कुठून तरी ठाऊक होते. 'दिग्नितास पेर्सोनी'मध्ये ते स्पष्टच आहे. गर्भपात आम्ही केला नाही, आमचा त्याच्याशी संबंध नाही, एवढे म्हणून संशोधकाला हात झटकता येत नाहीत, कारण तो त्या पेशी दूरवरून आलेल्या औषधात नव्हे तर आपल्या हाताने, बशीत, रोज वाढवतो. आणि या देशातील कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेत गेले तरी फ्रीजरमध्ये २९३ असणारच.

"म्हणजे मी पहिल्याच दिवशी नाही म्हणायचं का?" तिने विचारले. "आणि नाही म्हटलं तर मला ठेवून घेतील का?"

मी तिला म्हणालो की मला विचार करायला वेळ हवा. ती पुस्तके घेऊन गेली. पुढच्या रविवारी मिस्सानंतर ती पुन्हा विचारील, आणि मी अजून दोन-तीन लोकांना पत्रे लिहून ठेवली आहेत, त्यांची उत्तरे यायची आहेत.